ब्रिस्टल, बांबूचे कोंब आणि बाबांची दुसरी वाटी

बाबांचा एन्डोस्कोपीचा रिपोर्ट गुरुवारी आला. घशात काही नाही, पोटात काही नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण त्या संध्याकाळीही बाबांनी दोन घास भात चिवडून ताट बाजूला सारलं आणि मी पुन्हा जिथल्या तिथे आले.

आई जाऊन आठ महिने झाले होते. सांगलीत एकटे नकोत म्हणून मी बाबांना इंग्लंडला, मिल्टन कीन्सला घेऊन आले. बाबा म्हणजे कॉलेजात तीस-बत्तीस वर्षं संस्कृत शिकवलेले प्राध्यापक. इथे आल्यापासून वाचन नीट चालू होतं, जेवण तेवढं नाही. पॅन्ट दोऱ्याने बांधावी इतके वाळले होते. आणि रोज एकच वाक्य: "मला परत जायचंय, मधुरा." मी म्हणायचे, आधी नीट जेवायला लागा, मग बघू. यावरून आमचं दोनदा चांगलंच वाजलं होतं.

शुक्रवारी ऑफिसात मी हे सगळं मेईला सांगितलं. मेई माझ्याच टीममध्ये टेस्टर. तिचे वडील ब्रिस्टलला एकटेच राहतात, दर वीकएन्डला ती तिकडे जाते. तेही निवृत्त शिक्षक, चीनमध्ये हांगचौला जुनं साहित्य शिकवायचे. जुन्या काळातले विद्वान काय खायचे, त्यावर काय लिहायचे, हा त्यांचा जन्माचा विषय. मेई म्हणाली, उद्या वडिलांना घेऊन ये, जेवण पूर्ण शाकाहारी असेल. मी घरी येऊन ब्रिस्टलच्या क्लिफ्टन भागातलं एक बी अँड बी, म्हणजे घरगुती लॉज, एका रात्रीसाठी बुक केलं. पंचेचाळीस पौंड, ब्रेकफास्टसकट. माझा नवरा निखिल ऑन-कॉल होता, त्यामुळे आम्ही दोघंच.

मिल्टन कीन्सहून जाणार असाल तर बकिंगहॅमवरून एम-४० गाठा, मग ऑक्सफर्डला वळसा घालत ए-३४ आणि पुढे एम-४ पश्चिमेकडे. अडीच तास धरा, ऑक्सफर्डपाशी अडकलात तर तीन. आम्ही अडकलो. ऑक्टोबरचं ऊन होतं, झाडं तांबडी झाली होती. बाबा नकाशाचं प्रिंटआउट मांडीवर घेऊन बसले होते. हायवेवरच्या सर्व्हिसेसला थांबलो तेव्हा मी डब्यातली पोळी पुढे केली. त्यांनी "तू खा" म्हणून झाकण लावलं.

मेईच्या वडिलांचं घर एका चढावर. पार्किंग खालच्या रस्त्यावर मिळालं. दार मिस्टर शेननी स्वतः उघडलं. पंचाहत्तरीचे, किरकोळ, कार्डिगनवर ॲप्रन. बाबांनी हात जोडले, त्यांनीही जोडले, आणि दोघं एकमेकांना "प्रोफेसर" म्हणू लागले ते शेवटपर्यंत.

चिनी जेवण म्हणजे सॉस, नूडल्स, तिखट लाल ग्रेव्ही, अशीच माझी समजूत. टेबलावर होता पांढराशुभ्र, पातळ, गुरगुट्या भात. बरोबर लोणच्यासारखी खारवलेली पालेभाजी, आलं घातलेला टोफू, उकडलेले चेस्टनट आणि बांबूचे कोंब, नुसते मीठ लावून वाफवलेले. कोंबांबद्दल शेन आधीच माफी मागून मोकळे झाले. जुने लेखक सांगायचे की कोंब बांबूच्या बनातच खणून तिथेच शिजवावा, घरी आणेपर्यंत चव जाते. हे मात्र चायनीज ग्रोसरीतल्या पाकिटातले होते.

जेवताना ते बोलत राहिले. त्यांच्याकडे पूर्वी वर्षानुवर्षं घोकून सरकारी परीक्षा द्यायच्या, पास झाला की अधिकारी. पैसेवाले व्यापारी पंचवीस पदार्थ मांडायचे, म्हणून या शिकलेल्या लोकांनी आपली श्रीमंती वेगळ्या गोष्टीत शोधली: चहाला कुठल्या झऱ्याचं पाणी, खेकडा कुठल्या महिन्यात, शेवंती फुलल्यावर कुणाला जेवायला बोलवायचं. साध्या चवीला सगळ्यात मोठा मान. बदली होऊन दूर फेकले गेलेले अधिकारी तिथल्या साध्या भाजीवर कविता करायचे. बाबा ऐकत होते, मध्येच त्यांनी आपल्याकडच्या सहा रसांची गोष्ट सांगितली, शेननी वहीत लिहून घेतली. पण बाबांच्या वाटीतला भात चार चमचेच खाली गेला होता. शेनच्या ते लक्षात आलं असणार.

त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"प्रोफेसर, तुम्ही कधी भात लावलाय?"

"नाही," बाबा म्हणाले. "ते सगळं माझी पत्नी बघायची."

"मीही नाही. तीस वर्षं मुलांना बांबूच्या कोंबाची चव शिकवली. कोंब सोलायची माझी बायको. ज्यांच्यावर मी पुस्तकं लिहिली त्या विद्वानांच्याही घरी हेच होतं. सभ्य माणसाने स्वयंपाकघरापासून लांब राहायचं, आणि मग बाहेर येऊन चवीवर लिहायचं. बायको गेली त्या आठवड्यात मी पातेलं जाळलं. मला वाटायचं माझी भूक मेलीय. भूक मेली नव्हती. आधी बायको मला वाढायची, आणि आता वाढणारं कुणी नव्हतं, एवढंच."

मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "मग तुम्ही काय केलंत?"

"या, दाखवतो."

दोघं उठून आत गेले. मी मदतीला निघाले तर मेईने माझा हात धरला. दारातून दिसत होतं. शेननी एक वाटी तांदूळ धुवायला लावले, दहा वाट्या पाणी मोजून घातलं आणि पळी बाबांच्या हातात दिली. बाबांनी स्वेटरच्या बाह्या सरसावल्या. मध्येच भात उतू आला तर त्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. शेननी शांतपणे आच कमी केली आणि पळी पुन्हा त्यांच्याच हातात ठेवली. पाऊण तास बाबा त्या शेगडीपाशी उभे होते. आईच्या स्वयंपाकघरात मी त्यांना पाणी प्यायलासुद्धा थांबलेलं पाहिलं नव्हतं.

तो भात त्यांनी स्वतः वाटीत घेतला. मीठ कमी आहे म्हणाले आणि वरून घालून घेतलं. वाटी संपली. मग ते उठले आणि दुसरी वाढून घेतली. मी हात धुवायचं निमित्त करून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडून घेतलं. आठ महिने रोखून धरलेला श्वास त्या दिवशी सुटला.

रविवारी सकाळी आम्ही क्लिफ्टनचा प्रसिद्ध झुलता पूल बघितला. चालत पार करायला पैसे पडत नाहीत, वारा मात्र कानात शिरतो, टोपी न्या. खाली दरी, चिखलाने गढूळ झालेली नदी. तिथून बसने बंदरावर आलो. धक्क्यावरून चालताना बाबा सहज म्हणाले, "इथे काही खायला मिळेल का गं? भूक लागलीय."

जवळच्या कॅफेत त्यांनी जॅकेट पोटॅटो, म्हणजे भाजलेला भला मोठा बटाटा, अख्खा संपवला, सालासकट. आत लसूण असता तर बरं झालं असतं, एवढीच तक्रार.

पुढचे सहा आठवडे मिल्टन कीन्सचं माझं किचन बाबांच्या ताब्यात होतं. एक नॉनस्टिक पॅन कामातून गेलं, फायर अलार्म तीनदा वाजला. वरण जमलं, भेंडी जमली, पोळीचा नाद आम्ही दोघांनीही सोडला. वजन थोडं वाढलं. डिसेंबरात मी स्वतःच त्यांचं परतीचं तिकीट काढलं. हीथ्रोवर ते म्हणाले, "आता भांडणार नाहीस ना?" मी म्हटलं, "नाही. तुमच्याशी आता कशावरून भांडू?"

ब्रिस्टलहून मी दोन चहाचे डबे आणि पुलाचे फोटो आणले. चहा संपला. शेननी सांगितलेली नावं, राजवटी, झरे बहुतेक विसरलेय, बाबांना मात्र पाठ आहेत. माझ्या लक्षात राहिलंय ते एवढंच, की घरातला सगळ्यात शिकलेला माणूस इतकी वर्षं एका वाटी भातासाठी दुसऱ्यावर अवलंबून होता, आणि हे आमच्यापैकी कुणालाच खटकलं नव्हतं. आईलाही नाही, मलाही नाही.

आता दर रविवारी मी सांगलीला फोन करते. पूर्वी मी विचारायचे, जेवलात का, आणि ते हो म्हणायचे, आणि माझा विश्वास बसायचा नाही. गेल्या रविवारी मी विचारलंच नाही. निखिलच्या नव्या नोकरीचं सांगत होते, तर त्यांनी मला मध्येच तोडलं.

"मधुरा, ठेवतो आता. गॅसवर भाजी आहे."