मनकर्णाच्या नावातला ण

सिंदेवाहीच्या बाजारात तीन पायांचा कॅमेरा मांडून लटारूभाऊनं साऱ्या मुलखाचे फोटो काढले. नवरदेव काढले, मालगुजार काढले, बक्षीस मिळालेला एक रेडाही काढला. न हलता उभा राहिला तो एकटा रेडाच. राहून गेली ती घरची बायको. मनकर्णा कॅमेऱ्यासमोर यायचीच नाही. "माहा फोटो काऊन? मी का मरून राह्यली?" म्हणायची आणि पदर ओढून चुलीशी जाऊन बसायची. मग ऐन धानकापणीत तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

लटारूभाऊ रडला नाही. लोकांनी थोडी वाट पाहिली, मग तेही आपापल्या कामाला लागले. भूक लागली की तो भावाकडे जाई आणि रुखमावहिनी वाढेल ते खाई. भाजी कशाची होती म्हणून विचारलं तर सांगता येत नसे.

त्या हिवाळ्यात केवळराम गुरुजींनी त्याला काम दिलं. ते प्रौढांचा वर्ग चालवीत. "म्हाताऱ्यायले अक्षर ओरखू येत नाई, वस्तू येते," गुरुजी म्हणाले. "अक्षरासारख्या दिसणाऱ्या वस्तूंचे फोटो काढून द्या."

लटारूभाऊनं भिंतीवर विळा टांगला, तो र झाला. उभ्या दांड्याला आडवी पळी टेकवली, न झाला. काम बरं होतं. त्यात मन लागत नव्हतं, पण लावावंही लागत नव्हतं.

असंच एकदा त्याच्या मनात आलं, चेहरा नाही तर नाव तरी भिंतीवर लावावं; तेही मनकर्णाच्याच वस्तूंचं. त्यानं घर उपसलं, फोटो काढले, फळीवर ओळीनं चिकटवले. म, न, क, र, न. शेवटी काना म्हणून तिचं मुसळ उभं केलं.

गुरुजींनी फळी वाचली. "भाऊ, रफाराच्या जागी पुरा र चालते. पण शेवटी ण पाह्यजे."

"आपल्या झाडीपट्टीत ण कोन म्हन्ते, गुरुजी? तुमी बी पानीच मांगता."

"मांगतो पानी. लिहितो पाणी."

चूल वरून पाहिली तर अर्धा ण दिसतो. शेजारी लाकूड ठेवलं की पुरा. पण मनकर्णा गेल्यापासून घरच्या चुलीला पोतेरं नव्हतं, तिची एक बाजू ढासळली होती. म्हणून लटारूभाऊनं वहिनीच्या चुलीशेजारी खाट ओढली, वर कॅमेरा चढवला आणि ण काढून घेतला.

रुखमावहिनीला अक्षर येत नव्हतं. तिनं फळी मात्र विळा, पळी अशी बोट ठेवत घडाघडा वाचली. "हा मनकर्णाचा इरा. हे तिची परी. आन् हे काय होय?"

"ण."

"ण गेला बोडीच्या पान्यात! हे माही चूल होय. तिच्या नावात मले काऊन घुसवता, भाऊजी? जितेपनी तिनं मले आपल्या चुलीले हात लावू देला नाई."

लटारूभाऊनं तो फोटो काढून टाकला. बोडीच्या काठावरून चिकणमाती आणली, धानाचं तणस घालून मळली आणि घरच्या चुलीची ढासळलेली बाजू उभी केली. हात फिरवला, पण मनकर्णासारखा फिरला नाही. माती ओली असतानाच फोटो काढला. त्यात चुलीची एक बाजू तिनं सारवलेली, गुळगुळीत आली. दुसरीवर त्याची बोटं उठली होती. ण मात्र स्वच्छ वाचता येत होता.

जेवायला वाढताना रुखमावहिनीनं विचारलं, "लावलं का नाव? कसं वाटून राह्यलं?"

"माती लय गार होती," लटारूभाऊ म्हणाला आणि भात कालवू लागला.