पुलमन गावची अर्धी गोष्ट

सुजाता तिरोडकरची शिकवण्याची एक खोड होती. धडा ऐन रंगात आला की ती थांबायची. "आता उरलेलं उद्या," म्हणायची आणि पुस्तक मिटायची. मुलं "मिस, प्लीज" करत मागे लागायची. त्याच शाळेत मी हिंदी शिकवायचे. माझ्या वर्गात घंटेच्या आधीच दप्तरं भरून तयार असत, त्यामुळे मी तिला टोमणे मारायचे, "तू मास्तरीण आहेस की कीर्तनकार?"

सत्त्याण्णव साल. शारजात रोला भागात आम्ही समोरासमोर राहायचो. शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. कोल्हापूरला एम.ए. करताना सुजाताने अमेरिकेचा इतिहास घेतला, तेव्हा घरचे म्हणाले होते, याचं काय लोणचं घालणार? ते लोणचं इथे शारजात खपलं. तिची मुलगी मिहिका तिच्याच वर्गात नववीत होती. नवरा मुरलीधर एका बांधकाम कंपनीत कॅम्प बॉस. म्हणजे कामगारांच्या वसाहतीतल्या खोल्या, मेस, पाणी, साइटवर नेणारी बस, सगळं त्याच्या गळ्यात. नावात तेवढा बॉस, शिव्या मात्र वरून आणि खालून.

त्याच कॅम्पात दत्ताराम राहायचा. मुरलीधरच्या गावचा, राजापूरकडचा, स्लॅबच्या शटरिंगचं काम करणारा. शुक्रवारी सुटी, म्हणून तो यांच्याकडे जेवायला यायचा. माझे यजमान खोर फक्कानच्या बंदरावर, त्यांना शुक्रवार नाही की शनिवार, म्हणून मीही तिथेच. मासे साफ करता करता दत्ताराम दर खेपेला विचारायचा, "वहिनी, या आठवड्यात पोरांना काय शिकवलंत?" आणि सुजाता खुलायची. तिचं इतकं मन लावून ऐकणारा माणूस त्या घरात दुसरा नव्हता.

जूनमधल्या त्या शुक्रवारी तिने पुलमन सांगितलं. शिकागोजवळ शंभर वर्षांपूर्वी एका मालकाने गाव वसवलं. रेल्वेचे झोपायचे आलिशान डबे बनवायचा त्याचा कारखाना. घरं त्याची, दुकानं त्याची, चर्चसुद्धा त्याचंच. मग मंदी आली, त्याने पगार कापले, पण घरभाडं तेच ठेवलं. भाडं वळतं करून हातात पगार येईतो काही उरत नसे.

"म्हणजे आमचा कॅम्पच की," दत्ताराम म्हणाला.

"आम्ही भाडं घेत नाही," मुरलीधर पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

"मग लोक मालकाला भेटायला गेले," सुजाता सांगत होती. "मालक म्हणाला, भेटायला आलेल्यांना त्रास होणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या तिघांना कामावरून काढलं. झालं. सगळा कारखाना हातातली हत्यारं ठेवून बाहेर पडला. पाठोपाठ देशभरातल्या रेल्वेवाल्यांनी त्या मालकाच्या डब्यांना हात लावायचं सोडलं. गाड्या जागच्या जागी उभ्या."

दत्तारामच्या हातातली सुरी थांबली होती. "आणि मग?"

"मग पुढच्या शुक्रवारी," सुजाता म्हणाली आणि भात लावायला उठली. मला हसू आलं. इथेही तिची खोड सुटली नव्हती.

त्याच आठवड्यात कंपनीने कॅम्पातल्या पाण्याच्या टँकरची एक फेरी बंद केली. दिवसभर उन्हात भाजून आलेल्या माणसांना अंगावर घ्यायला पाणी नाही. मुरलीधर ऑफिसात दोनदा सांगून आला. त्यांनी इन्शाल्ला म्हणून बोळवण केली. बुधवारी सकाळी शंभरेक माणसं बसमध्ये चढलीच नाहीत, जमिनीवर बसून राहिली. दुपारी टँकर आला. संध्याकाळी मॅनेजरने मुरलीधरला बोलावलं. ज्याने सुरुवात केली त्याचं नाव दे, नाहीतर तूही बॅग भर.

मी साखर मागायला गेले होते, म्हणून पुढचं माझ्यासमोर झालं.

"सांगू नका," सुजाता म्हणाली. "तो आपल्या ताटात जेवतो."

"तो सगळ्यांना काय सांगत होता माहीत आहे? अमेरिकेत असंच केलं होतं, आमच्या वहिनींनी सांगितलंय." मुरलीधर म्हणाला. "सांग आता, काय करू? माझा व्हिसा गेला की तुझा गेला, मिहिकाचा गेला. खलास."

सुजाता बोलली नाही. तो वाट बघत उभा राहिला, तरी बोलली नाही. ते गप्प राहणं म्हणजे होकार होता. मला तिचा संताप आला, आणि तिच्या जागी मी काय बोलले असते तेही मला सुचलं नाही.

शुक्रवारी दत्तारामला परत पाठवायचं ठरलं. पासपोर्ट कंपनीचा माणूस थेट विमानतळावर देणार होता. मुरलीधर त्याला न्यायला गेला आणि वाटेत घरी घेऊन आला. उपाशी कसं पाठवायचं? दत्तारामला नाव कुणी दिलं ते ठाऊक होतं. तो हात धुऊन नेहमीच्या जागी बसला. "भाऊ, तुमचाही नाइलाज," एवढंच म्हणाला. सुजाताने सुरमई वाढली. 

"वहिनी," दत्ताराम म्हणाला, "त्या गावचं पुढं काय झालं?"

वर्गात एक सन चुकला तर मुलांना फैलावर घेणारी ती बाई ताटाकडे बघत म्हणाली, "जिंकले ते."

"मम्मा, दॅट्स राँग," मिहिका म्हणाली. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. "दे लॉस्ट. आर्मी आली ना. देअर लीडर वेंट टू जेल. इट वॉज ऑन अवर टेस्ट."

"मिहिका, जेव," मुरलीधर म्हणाला.

"लॉस्ट म्हणजे हरले ना?" दत्तारामने मला विचारलं. मी मान हलवली.

त्याने ताटातला भात संपवला, उठून हात धुतले, बॅग उचलली. दारात चप्पल घालताना तो सुजाताकडे वळला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"वहिनी, यापुढे गोष्ट पुरी सांगत जा. मी तेवढ्यावरच बसलो हो."