व्याह्यांसाठी सोडलेला धबधबा

सहाला निघायचं ठरलं होतं, म्हणून सव्वाआठला आमची गाडी नागपूरच्या नंदनवनातून हलली. मागच्या सीटवर पोळ्यांचा डबा, वांग्याची भाजी, संत्रा बर्फी. शिवाय निघताना बायकोने दिलेली ताकीद माझ्या कानात होतीच: व्याह्यांना काही कमी पडू देऊ नका. शेजारी खुद्द व्याही बसले होते. माझ्या मुलीचे होणारे सासरे, पुण्याचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते दर रविवारी एखादा तरी गड चढतात. पायात घोट्याच्या वर जाणारे बूट, हातात घडी घालता येणाऱ्या दोन काठ्या, मनगटावर उंची सांगणारं घड्याळ. माझ्या पायात गेल्या गणपतीत घेतलेली सँडल होती.

ही आफत मीच ओढवून घेतली होती. साखरपुड्याला पुण्यात गेलो, तेव्हा व्याह्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं की, तुमच्याकडे संत्री आणि ऊन सोडून बघण्यासारखं काय आहे हो? आता मुलीच्या सासरी मुलीच्या माहेराविषयी असं कोणी बोललं की बापाचं डोकं फिरतं. माझं फिरलं. मी म्हणालो, धबधबे आहेत. मी स्वतः एकही पाहिला नव्हता. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर कोणीतरी पारशिवनीकडच्या एका धबधब्याचा फोटो टाकला होता, तेवढ्या भांडवलावर मी बोलून गेलो. आणि आता लग्नाचं सभागृह बघायच्या निमित्ताने व्याही आले, ते सगळी आयुधं घेऊनच.

वाटेत पहिला मुक्काम अर्थात तर्री पोह्यांचा. व्याह्यांनी पोहे बघितले, त्यावर ओतलेली तर्री (चण्याचा झणझणीत लाल रस्सा) बघितली, आणि वरून लिंबू-कोथिंबीर मागवली. दुसऱ्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काळजीने विचारलं तर म्हणाले, छे छे, उत्तम आहे, आमच्याकडे एवढी चव नसते. तेव्हाच मला ओळखायला हवं होतं की हा माणूस मानपानासाठी जीभ भाजून घेईल पण नाही म्हणणार नाही.

कन्हान नदी ओलांडल्यावर हिरवळ सुरू झाली. पारशिवनीच्या बाजूला वळलो तसे दोन्हीकडे धानाच्या बांध्या (बांध घातलेले भातशेतीचे तुकडे) दिसू लागल्या. काहींत रोपं उभी होती, काही नुसता चिखल. व्याही खिडकीतून बघत राहिले आणि म्हणाले की पावसाने आठवडाभर ओढ दिलेली दिसते. मी म्हणालो, अहो आमच्याकडे आत पाणी असतं. या वाक्याचा अर्थ मलाही माहीत नव्हता.

रस्ता संपला तिथे शालिकरावांची चहाची टपरी होती. पन्नाशीचा, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला माणूस. व्याही एका दगडावर बसून बुटांच्या नाड्या तिसऱ्यांदा आवळत होते, तेवढ्यात मी शालिकरावांना बाजूला घेतलं आणि धबधब्याची चौकशी केली. शालिकराव चहा गाळता गाळता म्हणाले की धबधबा बंद आहे.

मला वाटलं जंगलखात्याने बंद केला. तसं नव्हतं. वर टेकडीच्या माथ्यावर नाल्याला गावकऱ्यांनी बांध घातला आहे. त्याला लाकडी फळ्या आहेत. फळ्या लावल्या की पाणी पाटाने बांध्यांत जातं, काढल्या की खाली घळीत कोसळतं, तोच आमचा धबधबा. पाऊस बरा असला की दोन्हीकडे पुरतं. आता रोवण्याचे (धानाच्या लावणीचे) दिवस, पाऊस गायब, म्हणून गावाने पाळ्या लावल्या होत्या. एकेकाला एकेक दिवस.

"आज पार्बताबाईची पाळी, उद्या माही," शालिकराव म्हणाले. "पाणी तिच्या बांधीत जाऊन राहिलं. तुमाले कोरडा खडक पायचा असंन तर पाहा."

इथे मी शांतपणे कोरडा खडक बघून परतलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण दगडावर बसलेले ते बूट बघून माझा जीव खालीवर झाला. मी आवाज बारीक करून म्हणालो, "शालिकराव, ते माझे व्याही आहेत. पुण्याचे."

शालिकरावांचा चेहराच बदलला. आमच्या विदर्भात या शब्दापुढे कोणाचं काही चालत नाही. साक्षात कलेक्टर आला तर लोक म्हणतील, बस गा जरा. व्याही आला म्हटलं की अख्खं गाव खाट झटकायला लागतं. त्यांनी गाळणी ठेवली, आधी काहून नाही सांगितलं म्हणून मलाच बोलले, आणि दुपट्टा सावरत टेकडी चढायला लागले. जाताना सांगून गेले की तुम्ही घळीत जरा हळूच जा.

आम्ही हळूच गेलो. घळ मात्र खरोखर सुंदर होती, हे मी नागपूरचा म्हणून सांगत नाही. दोन्ही बाजूंना काळ्या खडकाच्या भिंती, वरून लोंबणाऱ्या मुळ्या, साग आणि मोहाची दाट सावली, पायाखाली कुजलेल्या पानांचा गारवा. मी दर दहा पावलांवर थांबून एखादं झाड दाखवत होतो. एकच साग मी दोनदा दाखवला. व्याही दोन्ही वेळा छान म्हणाले. शेवाळावरून माझी सँडल सटकली आणि मी बसलो, तेव्हा त्यांनी काठी पुढे केली. मी म्हणालो, मुद्दामच बसलो, दृश्य बघायला.

शेवटी घळीच्या टोकाला पोचलो. समोर वीसेक फुटांचा कोरडाठक्क खडक. मी घाईघाईने संत्रा बर्फी काढली. व्याह्यांनी एक वडी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी हातात असताना वरून खळखळ झाली. आधी वाळका पाचोळा आला, मग गढूळ पाणी, मग चक्क पांढराशुभ्र धबधबा. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. व्याह्यांनी खरंच वाजवल्या. म्हणाले, वा, आमच्या सह्याद्रीतसुद्धा असं ऐन वेळेवर पाणी येत नाही! मी चार फोटो काढले आणि तिथूनच कॉलनीच्या ग्रुपवर टाकले. माझी छाती फुगली होती.

पोळी-भाजी होईपर्यंत धार बारीक झाली. बर्फीचा डबा बंद केला तेव्हा थेंब गळत होते. व्याह्यांनी घड्याळात बघितलं आणि वर जाऊन उगम बघू म्हणाले. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. त्यांनी मला एक काठी दिली.

वर बांधाशी फळ्या पुन्हा लावलेल्या होत्या. पण मागचं डबकं रिकामं झालं होतं, तळाचा गाळ दिसत होता. पलीकडे एक बांधी, अर्धी हिरवी, अर्धी मोकळी. मोकळ्या भागालगत आठ बाया पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) जुड्या घेऊन बांधावर बसल्या होत्या. त्यांच्यातली एक साठीची बाई, लुगड्याचा ओचा खोवलेला, पोटरीपर्यंत चिखल, उठून पुढे आली. तीच पार्बताबाई. शालिकरावांनी सांगितल्यावर फळ्या तिने स्वतःच्या हाताने काढल्या होत्या.

"आवडला काय व्याह्यायले?" तिने मला विचारलं.

मी हो म्हणालो.

"मंग झालं. माह्या पोरीच्या सासरचे आलते तवा मले बी लय धाकधूक झालती."

एवढं बोलून ती पुन्हा बांधावर जाऊन बसली. डबकं भरायला संध्याकाळ होणार होती, तोवर रोवणं बंद, आणि उद्या तिची पाळी नव्हती. जुडीतल्या रोपांची टोकं आताच पिवळी पडायला लागली होती. मला स्वतःची लाज वाटली. फार वाटली.

परतीच्या वाटेवर मुख्य रस्ता लागायच्या आधी मी गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगून टाकलं. मुलीचं लग्न मोडलं तरी चालेल, अशा तयारीने सांगितलं. व्याही समोर बघत ऐकत होते.

"अहो, माझी पस्तीस वर्षं पाणी सोडण्यात आणि अडवण्यात गेली," ते म्हणाले. "आधी पाचोळा आला तेव्हाच कळलं. पण तुम्ही इतक्या हौसेने दाखवत होतात. व्याह्याने टाळ्या वाजवायच्या नाहीत तर काय करायचं?"

म्हणजे मी त्यांचा मान राखत होतो, ते माझा राखत होते, आणि दोघांच्या मानापायी वाहून गेलं होतं पार्बताबाईच्या बांधीचं पाणी. मग व्याही म्हणाले, गाडी वळवा.

शालिकराव टपरी आवरत होते. व्याही बाकावर ताठ बसले, चहा मागितला, आणि मुलाकडच्या माणसाचा तो खास आवाज काढला, जो मी साखरपुड्यात ऐकून घाबरलो होतो. "शालिकराव, मी व्याही आहे ना? मग माझा मान अजून राहिलाय."

शालिकरावांनी हात जोडून काय पाहिजे ते विचारलं.

"उद्याची तुमची पाळी पार्बताबाईंना द्या. त्यांची पुढची तुम्ही घ्या."

शालिकरावांनी माझ्याकडे बघितलं, टेकडीकडे बघितलं, दुपट्ट्याने मान पुसली. त्यांचीही रोपं तयार होतीच की. शेवटी म्हणाले की व्याह्यानं मागितलं तर आता नाही कसं म्हणावं, आणि वर पार्बताबाईला सांगायला निघाले. चार पावलं गेल्यावर वळून मला एवढंच म्हणाले, "भाऊ, यंदा आणखी व्याही आणू नका."

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बायकोने दारातच विचारलं, व्याह्यांना काही कमी तर नाही ना पडलं? व्याही म्हणाले, सगळं अगदी वेळेवर मिळालं. बूट काढून ते पंख्याखाली बसले आणि रात्री पुन्हा तर्री मागू लागले. ती मात्र आता त्यांना खरंच आवडली असावी, कारण आम्ही आग्रह केला नव्हता.

मी मोबाईल उघडला. कॉलनीच्या ग्रुपवर माझ्या फोटोंखाली पंचवीस अंगठे आणि एकच प्रश्न होता. येत्या रविवारी सगळ्यांनी जायचं म्हणतात, धबधबा नेमका आहे कुठे? मी फोटो काढून टाकले आणि खरं होतं ते लिहिलं: पार्बताबाईच्या बांधीत.