पिवळे मुरमुरे कुठं निघाले

प्रेमाबाईंचं माहेर सास्तूरचं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर घरचे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, तेव्हा त्या शाळकरी पोर होत्या. नव्या गावाची आखणी चालली होती आणि मोकळ्या रानात रस्त्यांसाठी, गटारींसाठी चुन्याच्या फक्कीनं पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. प्रेमा त्या रेघांवरून चालायची. एकदा तिनं आखणी करणाऱ्या माणसाला विचारलं, "काका, अजून घरंच न्हाईत, मग गटार कुणासाठी?" तो हसून म्हणाला, "पाणी कुठून जायचं हे आत्ता ठरवलं नाही, तर उद्या ते तुमच्या घरातून जाईल." ते तिला लई नवलाचं वाटलं होतं.

लग्नानंतर त्या जिल्ह्यातल्याच एका लहान शहरात आल्या. नवऱ्याचं नाव श्रीमंत. दोघांनी मिळून स्टँडजवळ नाश्त्याचं हॉटेल टाकलं. त्यांच्या हातचा सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता, खायला लांबून माणसं येतात. पण पावसाळ्यात हॉटेलात घोटाभर घाण पाणी शिरायचं. गंमत अशी, की पाऊस चालू असताना नाही, तो उघडल्यावर पाणी चढायचं.

"असं का होत असंल हो?" त्या विचारायच्या.

"नशीब, दुसरं काय," म्हणत श्रीमंत खराटा उचलायचे.

मागच्या उन्हाळ्यात विभागातल्या लहान शहरांचे सांडपाण्याचे आणि पावसाच्या पाण्याचे आराखडे तपासायला एक पथक आलं. त्यातली वर्षाराणी नावाची तरुण इंजिनिअर रोज नाश्त्याला यायची. एका सकाळी तिनं टेबलावर नकाशा पसरला. प्रेमाबाई हात पुसत जवळ आल्या.

"ह्यात आमचं हॉटेल कुठाय?"

"हे बघा मावशी. ही तुमच्या दारातली गटार. इथून ती पूर्वेला ओढ्याला जाते."

"मग पाऊस उघडल्यावर पाणी मागं कसं येतंय?"

वर्षाराणीनं मान वर केली. "उघडल्यावर? नक्की?"

"दर वर्साला."

तिनं नकाशावरची गटारीची रेघ बोटानं ओढ्यापर्यंत नेली. मग म्हणाली, "हे पाणी खरंच ओढ्याला जातं का, ते रंग सोडून बघता येईल. पण एवढ्या गढूळ पाण्यात तो दिसायचा नाही. तरंगणारं काहीतरी पाहिजे."

प्रेमाबाई आत गेल्या आणि मुरमुऱ्यांचं पोतं ओढत बाहेर आल्या. "ह्याला हळद चोळली तर?"

वर्षाराणी एकदम हसली. "चालेल की!"

नळाला पाणी आलं की गल्लीतल्या गटारी भरून वाहतात, म्हणून त्यांनी नळाचा दिवस धरला. वर्षाराणी ओढ्यावर जाऊन उभी राहिली. प्रेमाबाईंनी दारातल्या गटारीत पिवळे मुरमुरे ओतले. श्रीमंत कपाळाला हात लावून बघत होते. येणारी-जाणारी माणसं विचारायची, "काय वैनी, गटारीला नाश्ता?"

ओढ्यावर एकही मुरमुरा आला नाही. प्रेमाबाईंना वाटलं, स्टँडमागच्या खड्ड्यात निघतील. त्या तिथं धावल्या, पण खड्डा कोरडा होता. मग दोघी गल्लोगल्ली विचारत निघाल्या. ऊन चढलं. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला, एक म्हातारी दारात उभी होती. सखूबाई त्यांचं नाव.

"पिवळं व्हय? या की, परसात या."

परसात मातीखालून एका दगडी नहरीचं, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या पाण्याच्या वाटेचं, तोंड उघडं पडलं होतं. निजामाच्या काळातली असावी, असं वर्षाराणी म्हणाली. पुढं नहर प्लास्टिकनं आणि मातीनं गच्च तुंबली होती. काळ्या डबक्यावर पिवळे मुरमुरे डुलत होते. स्टँडचा रस्ता उंच करताना गटार कधीतरी या नहरीला जाऊन मिळाली होती आणि नकाशावर ते कुणी काढलंच नव्हतं. वरच्या अंगाचं पाणी उशिरानं इथवर पोचायचं, पुढं वाट न मिळाल्यानं मागं फुगत जायचं आणि हॉटेलात शिरायचं.

वर्षाराणी गुडघ्यावर बसून बॅटरीनं आत बघत होती. प्रेमाबाईही वाकल्या. आतले घडीव दगड एकाला एक चिकटून बसले होते. "केवढं नेटकं काम केलंय," त्या पुटपुटल्या.

तेवढ्यात सखूबाईंनी विचारलं, "म्हंजी हे पाणी तुमचं हाय?"

प्रेमाबाईंनी त्या काळ्या डबक्याकडं पाहिलं. हॉटेलातली खरकटी भांडी, तेलकट कढया, सगळ्याचं धुवण त्या म्हातारीच्या परसात येऊन थांबत होतं. आपल्या दारात पाणी येतं म्हणून त्या तक्रार करत आल्या होत्या. दारातून गेलेलं कुणाकडं जातं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"व्हय आजी, आमचंच हाय," त्या हळू म्हणाल्या. "मला खरंच ठावं नव्हतं."

"मला तरी कुठं ठावं हुतं? बसा, पाणी प्या."

पथकाच्या अहवालात नहर आली आणि आराखडा बदलला. नहर साफ करून ती फक्त पावसाच्या पाण्यासाठी ठेवायची, आणि सांडपाण्याची नळी वेगळी टाकून ते पाणी शुद्ध करायला न्यायचं, असं ठरलं. नहर पावसाळ्याआधी मोकळी झाली. नळीचं काम मात्र अजून अर्ध्यावर आहे, स्टँडसमोरचा रस्ता उकरलेला आहे आणि गिऱ्हाईकं फळीवरून हॉटेलात येतात. हॉटेलातून बाहेर पडणारं पाणी निदान तेलकट नसावं, म्हणून प्रेमाबाईंनी गाळणीची टाकी बसवून घेतली. यंदाच्या पावसात पाणी एकदाच आलं, तेही उंबऱ्यापर्यंत.

उन्हं पडल्यावर सखूबाईंचं परस वाळलं. आता बाजाराला सुट्टी असते त्या दिवशी प्रेमाबाई तिकडं जातात आणि दोघी तिथं बाज टाकून शेवया वाळवत बसतात.