बोलत राहा, नेमेसिया

नेमेसियाला दोन गोष्टींची धास्ती होती: चारचौघांत बोलण्याची आणि कोळशाच्या भट्टीची. तिचा बाप भट्टीचं मातीचं कवच फुटून आत पडून मेला होता. पण नशिबापुढे कुणाचं काय चालतं? नवरा मिळाला तोही कोळसेवालाच, बेनिग्नो.

"एन्सिनाची फळं डुकरांची, फांद्या आपल्या," असं तो म्हणे. हा ओक बारा महिने हिरवा, पानं काटेरी आणि लाकूड इतकं टणक की कुऱ्हाड बोथट व्हावी. त्याचा निखारा शेगडीत रात्रभर टिके, म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्या कोळशाला हात लावत नसे.

त्या हिवाळ्यात फांद्या छाटताना बेनिग्नोचा पाय मोडला. भट्टी, म्हणजे मातीने लिंपलेला, आत धुमसणारा लाकडांचा उंच ढीग, मात्र पेटलेली होती, आणि एका दुपारी तिच्या माथ्यावर माती खचून भोक पडलं. आत वारा शिरला तर साऱ्या लाकडाची राख होणार होती.

"तू हलकी आहेस, तूच चढ," बेनिग्नो म्हणाला. "आणि वर बोलत राहा. गप्प झालीस तर मी समजेन, धुराने गुंगी आली."

"काय बोलू?"

"माझ्या आईला शिव्या घाल. एरवी मनात घालतेसच की!"

ती शिडीने चढली. पायाखालची माती कोमट होती. सासूच्या पांचट रश्श्यापासून तिने सुरुवात केली, भोकात ओंडके टाकले, वर पेंढा आणि माती लोटली आणि धुम्मस घेऊन ती ठोकून बसवायला लागली. तोच डाव्या पायाखाली कर्रकन आवाज झाला. तिला बाप आठवला आणि दातखीळच बसली.

"नेमे? अगं नेमे!"

ती पूर्ण शुद्धीत होती, पण तोंडातून शब्द फुटेना. खाली शिडी करकरली. मोडका पाय ओढत बेनिग्नो वर येत होता. एवढा आडवातिडवा गडी! त्याचा भार पडला की दोघंही आत जाणार, हे तिला कळत होतं आणि जीभ हलत नव्हती.

"तुझ्या आईने... तुझ्या आईने लग्नात मला फुटकं ताट दिलं, मुडद्या! उतर खाली!"

करकर थांबली. माती घट्ट बसेपर्यंत ती ठोकत राहिली, बोलत राहिली. उतरली तेव्हा तो जमिनीवर बसून रडत होता.

त्याचा पाय अधूच राहिला. दरवर्षी भट्टीवर तीच चढे, तितकीच घाबरत. एरवीही, अगदी चर्चमध्येसुद्धा, तिच्या तोंडाला खळ नसे. "बायकोला आवर जरा," शेजारी म्हणत. बेनिग्नोने तिला कधी आवरलं नाही. ती झोपी गेली आणि बोलणं थांबलं, की तो तिच्या नाकाशी हात धरून श्वास चालू आहे का ते बघायचा.