तवा कोणाच्या बापाचा?
गॅरेजात लोखंडावर हातोडा पडला की माझ्या पोटात अजून दुखतं. मालेगावजवळच्या आमच्या नव्या हायस्कुलाला घंटा नव्हती. कडुनिंबाला नांगराचा जुना, गोल लोखंडी तवा टांगलेला होता आणि तो हातोडीने वाजवायचा मान माझ्या बाकावरच्या पोराचा. "मले वाजवू दे ना एक डाव," मी म्हणालो. "कायले? तवा तुया बापाचा हाये काय?" तवा खरंच त्याच्या बापाने दिलेला होता. जळफळत दुसऱ्या दिवशी मी आमच्या गाईच्या गळ्यातली घंटी आणली आणि मधल्या सुट्टीला ऐटीत वाजवली. पोरं जागची हलली नाहीत. मैदानामागे चरणारं आमचं वासरू मात्र आईला शोधत धावत आलं आणि माझ्याशेजारी उभ्या हेडसरांच्या धोतरात तोंड खुपसू लागलं. माझ्या बाकावरचा वासराकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाला, "सर, घंटी याच्या मायची हाये. वाजवायचा मान यालेच द्या." तेव्हापासून मी वासरांवरही जळतो.