खुणेचा माणूस

"ठक्!" हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी वीसेक वर्षांचा असेन. डोक्यावर गवताचा भारा घेऊन लोणावळ्याचा डोंगर उतरत होतो. पुढं सिनेमाचं शूटिंग चाललेलं. फळी वाजली आणि कुणीतरी ओरडलं, "ए भारेवाल्या, मध्ये आलास! बाजूला हो!"

आता सत्तरी उलटली, आणि मध्ये उभं राहायचंच काम करतो!

आंबी गावातल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये तिघांचा स्टुडिओ होता. नीलेश मालक, प्राजक्ता कॅमेरा आणि कॉम्प्युटर सांभाळणारी, आणि सचिन. मी तिथं वॉचमन म्हणून लागलो. पावसाळ्यात कोपऱ्यात छत्र्या साठतात तसे अशा जागी किस्से साठतात. सचिन गेल्यापासून मात्र ते सांगता सांगता कुणीतरी मध्येच गप्प होतं.

*

काम असं होतं. सचिन कॉम्प्युटरवर गेम खेळायचा. त्यातला त्याचा योद्धा भलताच दांडगा, अंगात चिलखत, खांद्यावर अस्वलाचं कातडं. त्याला गेममधल्याच हिरव्या पडद्यापुढं चालवून तो वेगळा रेकॉर्ड करायचा. मग प्राजक्ता तो हिरवा रंग उडवून योद्ध्याला आपल्याकडच्या व्हिडिओत आणून सोडायची. कधी पवनेच्या काठावर, कधी भाताच्या खाचरात.

पहिला व्हिडिओ मला दाखवला. योद्धा भर खाचरातून चालत गेला. एक रोप वाकलं नाही.

"कसा वाटला, आबा?" नीलेशनं विचारलं.

"मानूस चांगला हाय," मी म्हणालो. "कुनाचं भात तुडवत न्हाई!"

सचिन खुर्चीवरून पडायचाच राहिला.

*

पुढच्या व्हिडिओत झाडांवर ऊन उजवीकडून आणि योद्ध्यावर डावीकडून.

"ह्याच्यापुरता दुसरा सूर्य आनला काय?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी माझी ड्यूटी बदलली! योद्धा जिथं यायचा, तिथं आधी मी खुणेला उभं राहायचं. ऊन कुठून पडतं ते कळतं, आणि लोक वळसा घालून जातात. नंतर योद्धा माझ्यावर आणून ठेवला की मी पुरता झाकला जायचो. जमिनीवरची सावली तेवढी माझीच ठेवायचे. योद्धा पहाडासारखा आणि सावली वाकलेल्या म्हाताऱ्याची!

भुशी धरणाच्या पायऱ्यांवर असाच उभा होतो. फिरायला आलेली एक पाहुणी म्हणाली, "काका, फोटो काढायचाय, सरका ना."

"सरकलो तर योद्धा कुटं उबा ऱ्हाईल?"

तिनं नवऱ्याचा दंड धरला आणि दोघं चार पायऱ्या खाली गेली.

त्या व्हिडिओत माझी एक चप्पल झाकायची राहिली. खाली कुणीतरी लिहिलं, "योद्ध्याला तीन पाय, त्यातला एक स्लीपरमध्ये!"

*

सचिनची एक खोड होती. त्याचा योद्धा निघताना दोन पावलं टाकायचा, थांबायचा, मागं वळून बघायचा. मगच पुढं. प्रत्येक वेळी.

प्राजक्ता वैतागायची. "मागं कुत्रं लागलंय का रे त्याच्या?"

"अगं, आपोआप होतं. बोटंच तशी जातात."

*

त्या दिवशी मला ताप होता. भुशीच्या वरच्या अंगाला, ओढ्यात शूटिंग होतं. सचिनचा फोन आला. "आबा, पडून राहा. तुमच्या जागी मी उभा राहतो."

शेवाळावरून त्याचा पाय घसरला. प्राजक्ताच्या कॅमेऱ्यात आधी तो आहे, मग नुसतं पाणी.

दहाव्याला त्याची आई, इंदूबाई, माझ्या अगदी जवळून गेली. मी हात जोडले. ती बोलली नाही. नंतरही कधी बोलली नाही.

*

दिवाळी झाल्यावर ती शेडमध्ये आली. ती पवनानगरला, धरणाकाठी तंबूत उतरणाऱ्या पाहुण्यांच्या भाकऱ्या करते. मनगटाला पीठ तसंच होतं.

"पोरी," ती प्राजक्ताला म्हणाली, "त्यो बाहुला चालायचा, त्यो माज्या सचिनच्या बोटानं न्हवं?"

"हो, मावशी. त्यानं चालवलेलं रेकॉर्डिंग आहे अजून."

"लय बोलले मी त्याला त्या खेळावरनं. एकदा बी बगितला न्हाई. त्याला आमच्या दारात उबा कर. घरी आल्याला बगू दे."

त्यांच्या अंगणात खुणेला उभं राहायला मी नको म्हणत होतो. नीलेश म्हणाला, "आबा, दुसरं कोण आहे?"

सकाळच्या उन्हात उभा राहिलो. प्राजक्तानं सांगितलं तसं दोन पावलं टाकली, थांबलो, मागं वळून बघितलं. इंदूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

चार दिवसांनी ती बघायला आली. नीलेशनं खुर्ची दिली, ती उभीच राहिली. मी दाराशी होतो. पडद्यावर योद्धा त्यांच्या अंगणातल्या पाण्याच्या पिंपापाशी आला. दोन पावलं टाकली, थांबला, मागं वळून बघितलं. पायाशी माझी सावली, पाठीत वाकलेली.

प्राजक्ताच्या लक्षात आलं. "मावशी, सावली आबांची राहिलीय. थांबा, काढते."

इंदूबाईनं तिचा हात धरला. पुन्हा लावायची खूण केली. तीनदा बघितलं.

मग पदर खोचला आणि माझ्या बाजूनं दाराबाहेर पडली. दोन पावलं टाकली. थांबली. मागं वळून माझ्याकडं बघितलं.

मगच पुढं गेली.